अव्वाचा डावा डोळा

आमची आई औशाला पिठाची गिरणी चालवते. तिला आम्ही अव्वा म्हणतो. औसा-निलंग्याकडच्या आमच्या लिंगायत घरांत ही हाक अजून टिकून आहे. अप्पा गेले तेव्हा गिरणी विकून टाकावी असं भावकीचं मत पडलं. अव्वाने सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला आणि पुढच्या सोमवारी पट्टा चढवून गिरणी सुरू केली. तेव्हापासून ती तिथेच. पदर खोचलेला, भुवयांवर पीठ, आणि गिरणीच्या घरघरीच्या वरताण आवाजात बोलायची सवय लागलेली, त्यामुळे तिचा फोन आला की मी तो कानापासून लांब धरते. मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते, धाकटा भाऊ लातूरला बँकेत आहे. दोघांनीही तिला आपल्याकडे राहायला बोलावून पाहिलं. ती यायची, दोन दिवस राहायची आणि गिऱ्हाईकं खोळंबली असतील म्हणून पिशवी भरायला घ्यायची.

साठी ओलांडल्यावर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ज्वारीचे आणि गव्हाचे डबे एकमेकांत जायला लागले तेव्हा भावाने तिला लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. ते इतकं सोपं गेलं की तिला जरा अपमानच वाटला. एवढी तयारी केली, नवी चादर घेतली, पाहुण्यांना कळवलं, आणि आत नेलं न नेलं तोच बाहेर आणून सोडलं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन तिने आधी कपाट उघडलं. जी साडी ती कित्येक वर्षं हिरवी समजून नेसत होती ती निळी निघाली. मला फोन करून तिने खात्री करून घेतली. मी म्हटलं, निळीच होती, मीच तर आणली होती. म्हणजे इतक्या लग्नकार्यांत आपण निळ्या साडीवर हिरवं झंपर घालून मिरवलो आणि एकाही बाईने सांगितलं नाही, याचं तिला इतकं हसू आलं की बोलणं तसंच राहिलं.

त्या डोळ्यात महिनाभर थेंब घालायचे होते. तिने ते निम्म्यावर सोडले. डोळ्याला काहीही झालं नाही. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीमुळे झाला, म्हणून ती सांगून ठेवते.

काही महिन्यांनी डाव्या डोळ्याची पाळी आली. अव्वाला साखरेचा आजार आहे, आणि तेव्हा नुकतेच आंबे संपले होते. डॉक्टरांनी साखर खाली आणल्याशिवाय हात लावणार नाही असं सांगितलं. ती कशीबशी खाली आली आणि ऑपरेशन झालं. या वेळी मात्र बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी भावाला सांगितलं की डोळ्याची बाहुली नीट उघडतच नव्हती, ती ताणून धरून काम करावं लागलं. तेव्हा या डोळ्याला सूज जास्त राहील, थेंब अजिबात चुकवू नका. भावाने ते अव्वाला सांगितलं. अव्वाने मान डोलावली आणि उजव्या डोळ्याचा अनुभव खरा मानून, बरं वाटायला लागताच थेंब बंद केले.

आठवड्याभरात डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. दिसत होतं तेही धुक्यातून दिसल्यासारखं. भाऊ पुन्हा लातूरला घेऊन गेला, थेंब पुन्हा सुरू झाले, डोळा निवळला. थेंब कमी केले की पुन्हा लाल. असं दोन-तीनदा झालं. महिना गेला, दुसरा सरत आला. औशात जो तो कारण सांगायला लागला. शेजारणीच्या मते वांग्याची भाजी नडली. कुणी म्हणालं, डोक्यावरून पाणी घेतलं असेल. बहुतेकांनी मात्र दोष पिठाला दिला, आणि ते अव्वाला फार लागलं. ज्या पिठावर दोन लेकरं शिकवली त्यानेच आपला डोळा घालवला, हे तिला पटत नव्हतं आणि मनातून जातही नव्हतं. तिने गिरणीवर एक माणूस ठेवला आणि स्वतः घरात दार लोटून बसायला लागली. फोनवरचा आवाज लहान झाला. फोन कानाला लावून तिचं बोलणं ऐकावं लागलं त्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला आणि तिला आणायला औशाला गेले.

लातूरच्या डॉक्टरांनीच नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं होतं. डोळ्याच्या आतल्या सुजेवर त्यांचं खास शिक्षण झालेलं. वयाने माझ्याहून लहान, बोलणं शांत. त्यांनी डोळा बराच वेळ तपासला. ऑपरेशनमध्ये मोतीबिंदूचा एखादा तुकडा मागे राहिला आहे का, नवं भिंग कुठे घासतंय का, जंतू शिरलेत का, हे त्यांनी एकेक करून पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी अव्वाला विचारलं की तरुणपणी कधी एकच डोळा लाल होऊन दुखायचा का. अव्वा लगेच नाही म्हणाली. मी शेजारी बसले होते. आणि मला एकदम आमच्या जुन्या स्वयंपाकघराची खिडकी आठवली.

मी दुसरी-तिसरीत असेन. वर्षा-दोन वर्षांनी एकदा अव्वाचे 'डोळे यायचे.' ती स्वयंपाकघरात अंधार करून बसायची, कपाळावर ओलं फडकं धरून, आणि अप्पा त्या खिडकीला गव्हाचं रिकामं पोतं लावायचे. भाकरी अप्पा करायचे, आम्हाला त्याची मजा वाटायची, कारण त्यांच्या भाकरीला कोपरे असायचे. पण डोळे आले की ते घरभर पसरतात. आमच्या घरात दुसऱ्या कुणाचे कधी आले नाहीत. आणि अव्वाचा दर वेळी डावाच डोळा असायचा. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ते डोळे येणं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ती हीच सूज होती, बुबुळाची. तेव्हापासून ती येऊन-जाऊन आहे."

त्यांनी मग सगळं नीट उलगडून सांगितलं. जुन्या सुजेमुळे बाहुलीची कड आत भिंगाला चिकटली होती, म्हणून ती ऑपरेशनच्या वेळी उघडली नाही. ती ताणली की बुबुळ दुखावतं. दुखावलेलं बुबुळ आधीच चिडक्या स्वभावाचं, त्यात साखर वाढलेली, आणि त्यात थेंब मधेच तुटलेले. एकेकटं कारण असतं तर कदाचित भागलं असतं. इथे सगळी एकत्र जमली. आधी माहीत असतं तर डोळा कित्येक आठवडे शांत ठेवून, थेंब अगोदरच सुरू करून मग ऑपरेशन केलं असतं. लातूरच्या डॉक्टरांची यात चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, हेही त्या म्हणाल्या.

अव्वाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मग पीठ?"

"पिठाचा काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यात गेलं तर खुपेल, धुऊन टाका. ही सूज त्याने येत नाही."

अव्वा खुर्चीत जरा सरळ बसली. तिच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी हललं. दवाखान्यातून बाहेर पडून रिक्षात बसल्या-बसल्या तिने गिरणीवरच्या माणसाला फोन लावला आणि जात्याच्या दगडांना टाकी लावून घेतली का म्हणून इतक्या मोठ्या आवाजात विचारलं की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

छातीचा फोटो झाला, रक्त तपासलं, सुजेच्या मागे दुसरा कुठला आजार नाही याची खात्री झाली. थेंब सुरू झाले, आणि ते फार सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने कमी करायचे ठरले. मधे मधे येऊन डोळ्यातला दाब तपासायचा, कारण त्याच थेंबांनी दाब वाढू शकतो. म्हणजे अव्वाला नांदेडला राहणं भाग होतं. माझ्या घरातलं तिचं ते पहिलं लांबचं राहणं.

दवाखान्यात आतल्या हॉलमध्ये बाहुली मोठी करायचे थेंब घालून सगळ्यांना तासभर डोळे मिटून बसवतात. रांगेने माणसं बसलेली, सगळ्यांचे डोळे बंद, कुणाची बडबड, कुणाची झोप. दुसऱ्या खेपेला मी अव्वाला तिथे बसवून औषध आणायला गेले. परत आले तर ती डोळे मिटून शेजारच्या माणसाशी बोलत होती. तोही डोळे मिटून. अंगात पांढरा सदरा, पायात बूट, मांडीवर डबा. उमरीचे होते ते. एसटीत ड्रायव्हर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी हैदराबादला दिलेली. त्यांचाही ऑपरेशन झालेला डोळा निवळत नव्हता, म्हणून तेही सकाळच्या गाडीने उमरीहून येत होते.

त्यांचं बोलणं रस्त्यांबद्दल चाललं होतं. नांदेड-सोलापूर गाडी त्यांनी पुष्कळ वर्षं चालवली होती, आणि ती गाडी औशाच्या स्टँडवर थांबायची. अव्वा म्हणाली की लेक नांदेडला कॉलेजात होती तेव्हा आपण ज्वारीच्या पिठाची पिशवी त्याच गाडीने पाठवायचो, ड्रायव्हरच्या मागे ठेवून. ते म्हणाले की अशा पिशव्या आपण खूप आणल्या, औशाच्या, लातूरच्या, अहमदपूरच्या. त्यात तुमची होती का हे सांगता येणार नाही. अव्वा म्हणाली की आपल्या पिशवीला लाल नाडी असायची. त्यांनी थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की लाल नाडी सगळ्यांचीच असायची. मला त्यांचं ते उत्तर आवडलं. दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता.

त्यानंतरच्या तारखा त्या दोघांनी एकाच दिवशी कशा मागून घेतल्या ते मला कळलं नाही. अव्वा त्या दिवशी लवकर उठून अंघोळ करायची आणि निळ्या साडीवर निळंच झंपर घालायची. ते उमरीहून येताना कधी हरभऱ्याचे डहाळे आणायचे, कधी शेतातल्या तुरीच्या शेंगा. गोड काही आणायचे नाहीत, कारण साखरेचं त्यांना तिने सांगितलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर दोघं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या डोळ्याची लाली तपासायची. धड दोघांनाही दिसत नव्हतं. आज तुमचा कमी हाय, असं ती म्हणायची. तुमचा बी उतरलाय, असं ते. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई यंत्रातून बघून खरं काय ते सांगायच्या, आणि ही दोघं बाहेर येऊन आपला अंदाज किती बरोबर आला यावर चर्चा करायची.

थेंबांची वेळ झाली की फोन वाजायचा. सकाळी ते करायचे, दुपारी अव्वा करायची. तब्येतीची विचारपूस नाही, काही नाही. "टाकला का?" एवढंच. "टाकला." झालं. पण मग फोन ठेवायच्या ऐवजी काहीतरी निघायचं, तुरीला शेंगा कशा लागल्यात, गिरणीचा पट्टा कुठल्या कंपनीचा घेतलाय, आणि माझा स्वयंपाक होऊन जायचा तरी बोलणं चालूच असायचं. माझ्या अव्वाने आयुष्यात एकही औषध शेवटपर्यंत घेतलं नव्हतं. या थेंबांची तिने एकही वेळ चुकवली नाही.

एकदा डॉक्टरीणबाईंनी मला यंत्राच्या बाजूच्या नळीतून अव्वाचा डोळा पाहू दिला. मी विज्ञानाची बाई आहे हे त्यांना माहीत होतं. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची एक बारीक पट्टी डोळ्यात शिरलेली, आणि त्या पट्टीत बारीक-बारीक कण वर-खाली तरंगत होते. सूज म्हणजे ह्या पेशी, त्या म्हणाल्या; डोळ्याच्या आतल्या पाण्यात त्या एरवी नसतात. बाहेर आल्यावर मी अव्वाला सांगितलं की तुझ्या डोळ्यात, गिरणीच्या झरोक्यातून ऊन आल्यावर पीठ उडताना दिसतं ना, अगदी तसं दिसतंय. तिने हे लगेच ड्रायव्हरसाहेबांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून डोळा कसा आहे हे विचारायच्या ऐवजी ते तिला गिरणी चालू हाय का बंद, असं विचारायला लागले.

त्यांचा डोळा मात्र मागे पडला होता. साखर नाही, आधीची सूज नाही, थेंब वेळच्या वेळी, तरी तो निवळायला वेळ घेत होता. अव्वाशी ओळख झाल्यावर पुढच्याच खेपेला डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं होतं की लघवीसाठी कुठली गोळी घेता का. त्या वेळी हॉलच्या दारात अव्वा उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

हे उघडं पडलं ते एका दुपारी. दवाखान्यातलं काम आटपून आम्ही तिघं गोवर्धन घाटावर जेवायला बसलो होतो. अव्वाने ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मेथी बांधून घेतली होती. गोदावरीला पाणी चांगलं होतं, वारा होता. जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं, गोळी तोंडात टाकली आणि पाकीट पटकन परत ठेवलं. कशाची गोळी, म्हणून अव्वाने विचारलं. ते म्हणाले, ताकदीची. ताकदीच्या गोळीचं पाकीट एवढं लपवून ठेवतात होय, असं म्हणून तिने हात पुढे केला. त्यांनी ते माझ्या हातात दिलं, तिच्या नाही. मी वाचलं. डॉक्टरीणबाई ज्या गोळीबद्दल विचारत होत्या तीच होती.

मी काही बोलायच्या आधी अव्वाला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"किती दिवसांपासून घेऊन राहिलात?" तिने विचारलं.

"ऑपरेशनच्या आधीपासून," ते म्हणाले.

"अन् डॉक्टरला सांगितलं न्हाई."

"तुम्ही दारात होतात."

अव्वाने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाली, "मला रात्रीतून दोनदा उठावं लागतं. झालं का समाधान? आता चला वापस, अन् सांगा त्यांना."

आम्ही तिघं तशीच रिक्षा करून परत दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की ही गोळी घेणाऱ्यांचं बुबुळ लुळं पडतं, ऑपरेशनमध्ये ते फडफडतं, बाहुली मधेच लहान होते, आणि या ओढाताणीत बुबुळाला मार बसतो. त्यांच्या डोळ्याची सूज इतकी का लांबली त्याचं उत्तर त्यात होतं. गोळी चालू ठेवा, असंही त्या म्हणाल्या, आता बंद करून उपयोग नाही. पण दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आधी सांगा. ड्रायव्हरसाहेबांनी एखाद्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली. त्या दिवशी ते उमरीच्या गाडीत बसायला गेले तेव्हा अव्वा त्यांना सोडायला स्टेशनपर्यंत गेली. याआधी ती कधी गेली नव्हती.

थंडी सरता सरता अव्वाचा डोळा शांत झाला. थेंब आठवड्यात एकदोनदावर आले, मग थांबले. थांबल्यावरही काही आठवडे पाहिलं. प्रकाशाच्या पट्टीत काही तरंगत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा डोळा पुन्हा कधीतरी चिडू शकतो, लाल दिसला की त्याच दिवशी यायचं. पण आता तुम्ही घरी जाऊ शकता. मी अव्वाचा हात धरून आनंदाने दाबला. अव्वाने हो-हो केलं, पण तिचा चेहरा सुट्टी रद्द झालेल्या पोरासारखा झाला होता.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे कणीक मळत होती. मी भाजी चिरत होते. पाठमोरी असतानाच ती म्हणाली, "त्या माणसाला मी विचारणार हाय."

मी म्हटलं, काय विचारणार.

"लग्नाचं. अजून काय."

माझ्या हातातली सुरी थांबली. मला धक्का बसला असं म्हणता येणार नाही.  पण मी अप्पांचा विचार केला, त्यांच्या कोपरेवाल्या भाकऱ्यांचा. मग मी तिच्याकडे पाहिलं. खांद्यापासून हात जोर लावत होता, कणकेचा गोळा परातीत आपटत होता, आणि ती मला परवानगी विचारत नव्हती, बातमी सांगत होती. मला हसू आलं. ते आवरेना. तीही हसायला लागली आणि म्हणाली की नकार आला तर पुढच्या खेपेला सोलापूरच्या गाडीपुढे आडवी पडेन म्हणून सांगू का त्याला.

नकार आला नाही. फोनवर तिने सरळ विचारलं. ते म्हणाले की हे आपण विचारायला हवं होतं, रोज ठरवायचो अन् रोज थेंबावरच बोलणं संपायचं.

भावाला सांगणं मात्र जड गेलं. तो चिडला नाही, ओरडला नाही. तो गप्प झाला. लोक काय म्हणतील, हे तो मोठ्याने म्हणत नव्हता, पण दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. ते दुसऱ्या जातीतल्या शेतकरी घरातले, आम्ही लिंगायत, ह्या वयात, औशासारख्या गावात. अव्वाने त्याला आपल्या आजीची गोष्ट सांगितली. त्या आजीची नवरा गेल्यावर उडकी झाली होती. उडकी म्हणजे आमच्याकडचं विधवेचं दुसरं लग्न. पूर्वी सर्रास व्हायचं. तेव्हाच्या लोकांना चाललं, अन् तू बँकेत कॉम्प्युटरवर बसून बेजार होऊन राहिलास, असं ती त्याला म्हणाली. 

पुढच्या रविवारी तो कुणालाही न सांगता उमरीला गेला. संध्याकाळी मला फोन आला. घर कसं आहे, माणूस कसा आहे, मी एकामागून एक विचारत होते. तो म्हणाला की त्यांनी स्वतः पिठलं करून वाढलं, शेत दाखवलं, आणि निघताना आपल्याला स्टेशनवर सोडायला चालत आले. आणि मग, असं मी विचारलं.

"माणूस चांगला आहे," तो म्हणाला. "पिठल्यात मीठ जास्त टाकतो. अव्वा बघून घेईल."

लग्न नोंदणी पद्धतीने झालं, नांदेडला, उन्हाळा लागायच्या आत. त्यांची मुलगी हैदराबादहून आली. तिने अव्वाला आई म्हणून हाक मारली आणि अव्वाने तिला इतकं घट्ट धरलं की तिच्या डोळ्यांतलं काजळ अव्वाच्या खांद्यावर उमटलं. नंतर माझ्या घरी गच्चीवर जेवण ठेवलं होतं. शेजारपाजारच्या बायकांनी अक्षता आणल्या होत्या. डॉक्टरीणबाई आलेल्या, त्यांनी त्या बघितल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दोघांचेही डोळे आता बरे आहेत, तरी तांदळाऐवजी पाकळ्या टाकल्या तर मला जेवण गोड लागेल. मग भाऊ धावत जाऊन शेवंती आणि झेंडू घेऊन आला. सगळ्यांनी मिळून पाकळ्या सोडवल्या. नवरा-नवरी दोघंही काळे गॉगल लावून उभी होती, भर उन्हात, दोघांच्या खांद्यांवर पिवळा सडा, आणि फोटो काढणारा म्हणत होता, गॉगल काढा. काढले नाहीत. त्या फोटोत ती दोघं एखाद्या सिनेमातल्यासारखी दिसतात.

ड्रायव्हरसाहेब औशाला राहायला आले. शेत बटईने दिलं. आम्ही दोघं भावंडं त्यांना काय म्हणायचं यावर बरेच दिवस अडखळलो. आता दादा म्हणतो. गिरणी दादा सांभाळतात. यंत्राच्या आवाजावरून पट्टा सैल झालाय का ते त्यांना कळतं, गाडीचंही तसंच असतं म्हणतात. अव्वा गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकांशी बोलते.

मागच्या वर्षी एकदा तिचा डावा डोळा पुन्हा लाल झाला. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. सकाळी चहा घेताना दादांना दिसलं आणि त्यांनी तिला कप खाली ठेवायला लावून पहिल्या गाडीने नांदेडला आणलं. त्या दिवसापासून थेंब सुरू झाले, डोळा लवकर निवळला. दादांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही त्यानंतर झालं. लघवीच्या गोळीची हकिकत त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितली, नर्सबाईंना सांगितली, आणि नाव लिहून घेणाऱ्या मुलीलाही सांगितली, जिने ती विचारली नव्हती. त्या डोळ्याला काही त्रास झाला नाही.

गेल्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती म्हणून मी न कळवता औशाला गेले. गिरणीला कुलूप. शेजारणीने सांगितलं की दोघं सकाळच्या बसने देवणीला गेलेत, गाय बघायला. घ्यायची आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई, नुसती बघायला. दिसतंय म्हणून जाऊन राहिले कुठंबी."

मी कट्ट्यावर बसले. शेजारणीने चहा आणून दिला, भाजलेल्या शेंगा दिल्या. ऊन उतरत होतं. दळण घेऊन आलेल्या दोन बायका कुलूप बघून माझ्याशेजारीच टेकल्या, आणि आम्ही तिघी शेंगा सोलत बसची वाट बघत राहिलो.